मांजराच्या वाटीतलं पाणी

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या मिठबावच्या घरांत मांजराचं जेवण हा वेगळा ठरवायचा विषय कधी नव्हता. आडाळ्यावर बांगडे किंवा तारले कापायला घेतले की मांजर शेपूट उभी करून हजर व्हायचं. डोकी, शेपट्या, आतडी त्याच्या वाट्याला जायची, दुपारी ताटात उरलेला भात कढीचं पाणी लावून मिळायचा आणि राहिलेली भूक ते खळ्यातल्या नि माळ्यावरच्या उंदरांवर भागवायचं. समुद्र आणि उंदीर हे दोन्ही पुरवठादार बिनखर्चाचे होते. आता गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात कॅट फूडची पिशवी असते. कधी मुंबईच्या फ्लॅटमध्ये वाढलेलं, नसबंदी झालेलं मांजरच टोपलीतून गावी येतं आणि समोर ठेवलेल्या ताज्या बांगड्याला हुंगून तोंड फिरवतं. मग मांजराला काय घालायचं, हा प्रश्न गावातही विचारला जाऊ लागतो आणि शहरात तो ज्या रूपात विचारला जातो त्याच रूपात इथे येतो: कोरडे दाणे की डबा?

आपल्याकडे डबा म्हणजे बहुधा पाऊच. पत्र्याचे डबे मिळतात, पण 80-85 ग्रॅमच्या ग्रेव्हीच्या पाकिटांनी त्यांची जागा घेतली आहे. आतला माल त्याच जातीचा, म्हणजे बंद करून उष्णतेने निर्जंतुक केलेलं ओलं अन्न. म्हणून या लेखात दोघांना एकाच बाजूला धरलं आहे. हा वाद कुठून आला, त्यात कोणाचं म्हणणं काय आहे, त्यातलं किती पुराव्यावर उभं आहे आणि किनाऱ्यावरच्या गावात तो कसा बदलतो, हे क्रमाने पाहू.

हा वाद आला कुठून

कोरड्या खाद्याचा इतिहास कुत्र्यांपासून सुरू होतो. 1860च्या सुमारास जेम्स स्प्रॅट याने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली, तेव्हा मांजरांना लंडनच्या रस्त्यांवर घोड्याचं मांस विकणारे फेरीवाले पोसत होते. पुढे अमेरिकेत 1920च्या दशकात कुत्र्यांसाठी डबाबंद घोड्याच्या मांसाचा धंदा वाढला. मग दुसरं महायुद्ध आलं, पत्रा रेशनवर गेला आणि डब्यांचे कारखाने अडचणीत आले. त्या काळात कोरड्या खाद्याला मिळालेला रेटा युद्धानंतरही ओसरला नाही, कारण 1950च्या दशकात एक्सट्रूडर हे यंत्र या धंद्यात आलं. पीठ, मांसाची भुकटी, चरबी आणि वाफ यांचा लगदा दाबाखाली साच्यातून बाहेर ढकलला की तो फुगून हलका, कुरकुरीत दाणा होतो. आपल्याकडचे कुरकुरे ज्या तंत्राने होतात, तेच हे तंत्र. फुगण्यासाठी आणि आकार धरण्यासाठी लगद्यात स्टार्च लागतो. मांजराच्या दाण्यात तांदूळ, मका, गहू किंवा वाटाणा का असतो, याचं एक मोठं कारण हे यंत्र आहे, आणि 'मांजराला धान्य का?' या आक्षेपाचं मूळही तिथेच आहे.

या दोन्ही प्रकारांना एकाच घटनेने शहाणं केलं. टॉरीन हे द्रव्य आहारात नसेल तर मांजराच्या डोळ्यातलं दृष्टिपटल झिजतं, हे 1975 साली दिसून आलं होतं. 1987 साली पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात दाखवलं की हृदय फुगून मरणाऱ्या अनेक मांजरांच्या रक्तात टॉरीन कमी आहे आणि ते पुरवलं की हृदय सावरतं. ही मांजरं उपाशी नव्हती. तेव्हा चांगलं समजलं जाणारं तयार खाद्यच ती खात होती. त्यानंतर उत्पादकांनी टॉरीनचं प्रमाण वाढवलं आणि तो हृदयविकार झपाट्याने दुर्मीळ झाला. आज अमेरिकी मानकात कोरड्या खाद्यातल्या शुष्कांशाच्या 0.1 टक्का टॉरीन पुरतं, डबाबंद खाद्यात मात्र 0.2 टक्के लागतं. डबा तापवताना अन्नात होणाऱ्या बदलांमुळे आतड्यातले जीवाणू जास्त टॉरीन फस्त करतात, म्हणून हा दुप्पट आकडा. प्रक्रिया बदलली की गरज बदलते, आणि 'ओलं म्हणजे नैसर्गिक' हे समीकरण पहिल्याच पायरीवर अडखळतं.

मांजराचं शरीर काय मागतं

मांजर हे सक्तीचं मांसाहारी आहे, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे. टॉरीन, तयार जीवनसत्त्व 'अ', ॲराकिडॉनिक आम्ल या गोष्टी माणूस किंवा कुत्रा शरीरात कमी-जास्त बनवू शकतो. मांजराला त्या प्राण्याच्या शरीरातूनच मिळाव्या लागतात. आर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल नसलेलं एकच जेवण मांजराच्या रक्तात अमोनिया साठवून त्याला गंभीर आजारी पाडू शकतं. गोड चव ओळखणारं जनुक त्याच्यात निकामी आहे, हे 2005 साली सिद्ध झालं. रानटी अवस्थेत जगणाऱ्या मांजरांच्या आहाराचा हिशेब मांडला गेला, तेव्हा त्यांची सुमारे 52 टक्के ऊर्जा प्रथिनांतून, 46 टक्के चरबीतून आणि जेमतेम 2 टक्के कर्बोदकांतून येते असं आढळलं. साध्या कोरड्या दाण्यात कर्बोदकं 30 ते 40 टक्क्यांपर्यंत असतात. ओल्या खाद्याचे समर्थक याच तफावतीवर बोट ठेवतात.

इथे पाकिटावरचे आकडे वाचायला शिकावं लागतं. पाऊचवर प्रथिनं 10 टक्के लिहिलेली असतात आणि दाण्याच्या पिशवीवर 30, तेव्हा दाणे तिप्पट कसदार वाटतात. पण पाऊचमध्ये 80 टक्के पाणी आहे. ते वगळलं तर उरलेल्या 20 भागांत 10 भाग प्रथिनं, म्हणजे 50 टक्के. दाण्यात पाणी 10 टक्के धरलं तर प्रथिनं 33 टक्क्यांवर येतात. हा हिशेब न करता केलेली तुलना फसवी असते, आणि दुकानातल्या बऱ्याचशा चर्चा अशाच असतात. दुसरी बघायची गोष्ट म्हणजे पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित' अशा अर्थाची नोंद आहे का. ट्यूनाचे किंवा चिकनच्या तुकड्यांचे अनेक आकर्षक डबे पूरक खाद्य म्हणून बनवलेले असतात. ते रोजचं जेवण म्हणून घातले तर मांजर आवडीने खातं आणि कुपोषित होतं.

तरीही कर्बोदकांच्या तफावतीवरून थेट निष्कर्ष काढता येत नाही. शिजवलेला स्टार्च निरोगी मांजर चांगला पचवतं, हे वारंवार दिसून आलं आहे. निसर्गात जे नव्हतं ते अपायकारकच, असं म्हणायचं तर पुरावा अपायाचा हवा, अनुपस्थितीचा पुरणार नाही.

पाण्याचा मुद्दा

माझ्या मते या वादातला सर्वांत भक्कम भाग पाण्याचा आहे, आणि तो कर्बोदकांच्या गदारोळात मागे पडतो. पाळीव मांजराचा पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या रखरखीत प्रदेशातलं रानमांजर. त्याने पाण्याची गरज बहुतांशी शिकारीतून भागवली, कारण उंदराच्या शरीरात दोन तृतीयांशाहून जास्त पाणीच असतं. त्याच्या मूत्रपिंडांनी लघवी कमालीची दाट करण्याची क्षमता कमावली आणि तहानेची जाणीव मात्र मंदच राहिली. वाळवंटात जगायला हा गुण उपयोगी होता. वाटीत 8 टक्के पाण्याचे दाणे पडू लागले तेव्हा तोच गुण अडचणीचा झाला.

आकडे मांडून पाहू. चार किलोच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला 200 ते 250 किलोकॅलरी लागतात आणि सर्व मार्गांनी मिळून साधारण 200 मिलिलिटर पाणी. ही ऊर्जा सुमारे 60 ग्रॅम दाण्यांतून मिळते, पण त्यांच्याबरोबर पाणी येतं फक्त पाचेक मिलिलिटर. तेवढीच ऊर्जा 85 ग्रॅमच्या तीन पाऊचमधून घेतली तर त्याच ताटलीतून 200 मिलिलिटर पाणी पोटात जातं. 'दाणे खाणारं मांजर वरून पाणी पितंच की' हा आक्षेप इथे हमखास येतो, आणि तो खराही आहे: दाणे खाणारं मांजर भांड्यातलं पाणी नक्कीच जास्त पितं. मात्र ते पुरेसं भरून काढत नाही. ब्रिटनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेच खाद्य वेगवेगळ्या प्रमाणात पाणी मिसळून मांजरांना दिलं गेलं. सुमारे 73 टक्के पाणी असलेल्या खाद्यावर एकूण पाणी जास्त गेलं, लघवी पातळ झाली आणि मूत्रमार्गात ऑक्झलेटचे खडे होण्याची शक्यता दर्शवणारा निर्देशांक घसरला. या प्रयोगात खाद्य एकच होतं आणि बदललं फक्त पाणी. म्हणून त्याचं मोल जास्त, कारण दाणे आणि डबा यांच्या बहुतेक तुलनांत घटक, चव, किंमत, पाळणाऱ्याची काळजी असं सगळंच एकदम बदललेलं असतं.

आजारी मांजरांवरचा पुरावाही त्याच दिशेचा आहे. मूत्राशयाला वारंवार सूज येणाऱ्या मांजरांना 1999च्या एका अभ्यासात एकाच प्रकारचं पथ्याचं खाद्य दोन रूपांत दिलं गेलं. ओल्या रूपावरच्या 11 टक्के मांजरांत त्रास उलटला, कोरड्या रूपावरच्या 39 टक्क्यांत. नमुना लहान होता, हे लक्षात ठेवायला हवं. पण मूत्रमार्गाचा त्रास एकदा होऊन गेलेल्या मांजराचं पाणी वाढवावं, हा सल्ला आज पशुवैद्यकात जवळजवळ निर्विवाद आहे.

खड्यांचा इतिहास मात्र सावध करणारा आहे. 1980च्या दशकात मांजरांत स्ट्रुव्हाइटचे खडे फार होते. उत्पादकांनी खाद्यातलं मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्लधर्मी होईल अशी रचना केली आणि ते खडे घटले. त्याच काळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या खड्यांचं प्रमाण वाढत गेलं. एका खड्यावरचा उपाय दुसऱ्याला पोषक ठरला असावा, असं मानलं जातं. पाणी वाढवण्याचा उपाय दोन्ही खड्यांच्या विरोधात जातो. हे वेगळेपण मला महत्त्वाचं वाटतं.

मिठबावसारख्या गावात या मुद्द्याला धार येते ती अंतरामुळे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. तेव्हा भूल देऊन कॅथेटर घालणारा डॉक्टर लागतो. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, गल्लोगल्ली दवाखाने आहेत. किनाऱ्यावरच्या गावातून रात्री निघायचं तर देवगड, कणकवली आणि तिथेही सोय नसेल तर गोवा किंवा कोल्हापूर. जिथे उपचार लांब, तिथे प्रतिबंधाची किंमत वाढते. नसबंदी झालेला, घरात बसून राहणारा, वजनदार बोका असेल तर निव्वळ दाण्यांवर त्याला ठेवू नये, असं मी तरी पुराव्याच्या आधारे म्हणेन.

इथून पुढे मात्र पुरावा पातळ होत जातो. दाण्यांमुळे मूत्रपिंडं निकामी होतात, असं ठामपणे सांगितलं जातं. वयस्क मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार फार आढळतो हे खरं, आणि झालेल्या आजारात ओलं अन्न उपयोगी पडतं हेही खरं. पण निरोगी मांजराला तो आजार दाण्यांनी जडतो, हे सिद्ध झालेलं नाही.

वजन, साखर, दात

मधुमेहाच्या बाबतीत दोन अभ्यास समोरासमोर उभे आहेत. नेदरलँड्समधल्या 2009च्या अभ्यासात दोष घरात कोंडून राहण्याकडे आणि कमी हालचालीकडे गेला. आहारातल्या दाण्यांच्या प्रमाणाचा संबंध दिसला नाही. स्वीडनमधल्या 2017च्या मोठ्या पाहणीत, ज्यांचं वजन प्रमाणात आहे अशा मांजरांत मुख्यतः दाणे खाण्याचा मधुमेहाशी संबंध आढळला. दोन्ही अभ्यास मालकांच्या सांगण्यावर आधारलेले, त्यामुळे कोणताही एक उचलून झेंडा करता येत नाही. मधुमेह झालेल्या मांजराला कमी कर्बोदकांचं अन्न द्यावं याला चांगला आधार आहे. निरोगी मांजराला दाण्यांमुळेच मधुमेह होतो का, हे अजून वादात आहे. वजनाचं गणित त्याहून सोपं आहे. 100 ग्रॅम दाण्यांत 350 ते 400 किलोकॅलरी, 100 ग्रॅम पाऊचमध्ये 70 ते 100. अन्नात पाणी मिसळलं की मांजर आपणहून कमी ऊर्जा घेतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय दाणे दिवसभर वाटीत राहू शकतात, आणि सतत भरलेली वाटी हेच लठ्ठपणाचं मोठं कारण ठरतं. यात दोष दाण्याचा कमी आणि मोजमाप न करण्याचा जास्त. मोजून 60 ग्रॅम घालणाऱ्याचं मांजर तीन पाऊचवर वर खाऊ मिळणाऱ्या मांजरापेक्षा सडपातळच राहील.

दाणे चावून दात स्वच्छ राहतात, हे कोरड्या बाजूचं जुनं म्हणणं. बरीच मांजरं साधा दाणा नीट न चावता गिळतात, आणि चावला तरी तो टोकालाच फुटतो. हिरडीपाशी घासत नाही. दातांसाठी मुद्दाम मोठे आणि चिवट बनवलेले दाणे उपयोगी पडतात, ते वेगळे. काही पाहण्यांत दाणे खाणाऱ्या मांजरांचं तोंड जरा बरं आढळलं, हे नोंदवायला हवं. उलट बाजूला, ऑस्ट्रेलियातल्या रानटी आणि पाळीव मांजरांच्या तुलनेत रानटी मांजरांच्या दातांवर कीटण कमी होतं, तरी हिरड्यांचा आजार कमी नव्हता. तेव्हा दातांसाठी दाणे निवडावेत, इतकं वजन या मुद्द्याला नाही.

डब्याकडेही बोट दाखवता येतं

ओल्या खाद्याच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा असं मांडतात, जणू सगळा धोका पिशवीत आहे आणि डबा निर्मळ आहे. मांजरांतला थायरॉइड अतिस्रवणाचा आजार 1979 साली प्रथम नीट वर्णन केला गेला आणि पुढे वयस्क मांजरांत फार आढळू लागला. अनेक पाहण्यांत त्याचा संबंध डबाबंद खाद्याशी, विशेषतः कडी ओढून उघडायच्या डब्यांशी आढळला. डब्याच्या आतल्या लेपातली रसायनं कारणीभूत असावीत हा संशय आहे. कारण म्हणून ते अद्याप सिद्ध झालेलं नाही.

भेसळीच्या घटना तर दोन्हीकडे आहेत. 2007 साली उत्तर अमेरिकेत 6 कोटींच्या आसपास डबे आणि पाऊच परत बोलवावे लागले, कारण ग्रेव्हीतल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं होतं आणि त्याने मांजरांची मूत्रपिंडं बंद पाडली. 2021 साली ब्रिटनमध्ये रक्तपेशी घटून शेकडो मांजरं दगावली, आणि तेव्हा परत बोलावलेलं खाद्य कोरडं होतं. बुरशीच्या विषावर संशय गेला, पण निर्णायक कारण हाती लागलं नाही. 'डब्यात प्रिझर्व्हेटिव्ह ठासून भरलेले असतात' हा समज मात्र उलटा आहे: बंद डबा उष्णतेनेच टिकतो, चरबी खवट होऊ नये म्हणून द्रव्यं घालावी लागतात ती दाण्यांत.

या दोहोंना कंटाळून कच्च्या मांसाकडे वळणारा एक गट आहे. त्यांच्याबद्दल थोडक्यात इतकंच, की डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि 2025च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात घरगुती मांजरांत तोच विषाणू सापडला. कच्ची कोंबडी मांजराला घालण्याचे दिवस हे नव्हेत.

किनाऱ्यावरचा तिसरा पर्याय

दाणे की डबा हा वाद ज्या देशांत घडला, तिथे मांजराचं सगळं अन्न दुकानातून येतं. मिठबावात ताटलीत तिसरी वस्तू आधीपासून आहे: मासळी. ताज्या माशात 70 ते 75 टक्के पाणी असतं, प्रथिनं उत्तम असतात, आणि पाण्याच्या मुद्द्यावर उकडलेला बांगडा पाऊचच्या बरोबरीने उभा राहतो. मग दुकानाची गरजच काय? हा इथला सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो मनापासून विचारला जातो: पिढ्यान्‌पिढ्या मांजरं भात-माशावर जगली, त्यांना काय झालं?

याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. पहिला भाग असा की ती मांजरं भात-माशावर जगली नाहीत. ती उंदीर, पाली, पक्षी, टोळ यांवरही जगली. घरातून मिळायचं ते अर्धं जेवण, आणि त्यात जे कमी होतं ते अख्ख्या उंदरातून, म्हणजे त्याच्या हाडांसकट, यकृतासकट भरून निघायचं. खळ्यात फिरणारं ते मांजर आणि दार बंद असलेल्या खोलीतलं मांजर यांच्या वाटीत सारखंच पडलं, तरी पोटात सारखं जात नाही. दुसरा भाग असा की काय झालं याची मोजणी कोणी ठेवली नव्हती. मांजर नाहीसं झालं तर ते कुठेतरी गेलं असं धरलं जायचं, आणि पाचव्या वर्षी मेलं तर म्हातारं झालं म्हणायचे. नीट सांभाळलेलं घरातलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं.

निव्वळ माशाचे दोष ठाऊक आहेत आणि ते पुस्तकी नाहीत. तारली ज्या हेरिंगच्या कुळातली, त्या कुळातल्या अनेक कच्च्या माशांत थायमिनेज हे विकर असतं; ते जीवनसत्त्व 'ब-1' म्हणजे थायमिन मोडून टाकतं. रोज कच्चीच डोकी-आतडी खाणाऱ्या मांजराची मान खाली झुकणं, तोल जाणं, झटके येणं ही लक्षणं त्या कमतरतेची असू शकतात. शिजवल्याने हे विकर नष्ट होतं, म्हणून मांजराच्या वाट्याची मासळी वेगळी उकडणं ही फुकट आणि खरी सुधारणा आहे. तेलकट मासा एकसारखा घातला आणि जीवनसत्त्व 'ई' पुरेसं नसलं, तर त्वचेखालची चरबी पिवळी पडून दुखरी होते. हा विकार 1950च्या दशकात लाल ट्यूना खाणाऱ्या मांजरांत वर्णन झाला. काट्याविना नुसतं माशाचं मांस आणि भात दिला तर कॅल्शियम कमी पडतं आणि वाढत्या पिल्लांची हाडं कच्ची राहतात. पाऱ्याचं म्हणाल तर जपानमधल्या मिनामाताची आठवण ठेवावी: 1950च्या दशकात तिथे माणसांत आजार ओळखला जाण्याआधी उपसागरातले मासे खाणारी मांजरं वेड्यासारखी नाचत मरत होती. बांगडा, तारली, मांदेली हे छोटे, अल्पायुषी मासे. त्यांत पारा कमी साठतो. मोरी आणि मोठी सुरमई यांत जास्त. मांजरासाठी स्वस्त मासाच चांगला, ही दुर्मीळ सोयीची गोष्ट आहे.

आणि मालवणी कालवण स्वतः? कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने तो दोष जात नाही, आणि वाटणात तर कांदा भाजून घातलेला असतो. कालवणाचा रस भातावर घालणं ही रीत प्रेमाची असली, तरी ती थांबवायला हवी. खाऱ्या बांगड्याचं मीठ रोजच्या वापराला जास्तच. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचत नाही; पेज पोट भरते, पोसत नाही.

एवढं सगळं धरून पाहिलं तर किनाऱ्यावर प्रश्नाची मांडणी बदलते. इथे दाणे आणि उकडलेला मासा एकमेकांची उणीव भरतात. दाण्यात टॉरीन, थायमिन, 'ई' जीवनसत्त्व, कॅल्शियम मोजून घातलेलं असतं, पाणी नसतं. माशात पाणी असतं, तो मोजून बनवलेला नसतो. दिवसाच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा संपूर्ण खाद्याच्या दाण्यांतून आणि उरलेला थोडा हिस्सा बिनमसाल्याच्या उकडलेल्या माशातून, तोही त्याच्या पाण्यासकट, असं ताट पाऊचच्या खर्चाशिवाय पाण्याची बरीचशी तूट भरून काढतं. पूरक अन्न एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास ठेवावं, असा आहारतज्ज्ञांचा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे दिवसाला 15-20 ग्रॅम मासा आणि वाटीभर उकडीचं पाणी. दाण्यांवर कोमट पाणी ओतून अर्ध्या तासात संपवायला लावणं हाही साधा मार्ग आहे, कारण पाणी पाऊचमधून आलं की तांब्यातून, हे मूत्राशयाला कळत नाही.

हवा, वीज, पैसा

परदेशी सल्ल्यात कोकणातली हवा धरलेली नसते. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडी पिशवी चार दिवसांत मऊ पडते, चरबी खवट होते, आणि ओलसर दाण्यावर धरलेली बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी विषारी झालेली असू शकते. सुटं वजनावर घेतलेलं खाद्य इथे विशेष जोखमीचं, कारण ते केव्हा उघडलं हे कळत नाही. लहान पिशवी घेऊन ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, म्हणजे मुंग्यांपासूनही सुटका होते. ओल्या खाद्याची अडचण वेगळी. उघडलेलं पाऊच 30 अंशांच्या उकाड्यात तास-दोन तासांत टाकून द्यावं लागतं, उरलेलं ठेवायला फ्रीज लागतो आणि फ्रीजला वीज. 16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा कितीतरी गावं दिवसचे दिवस अंधारात होती. अशा वेळी फ्रीजमधली मासळीही जाते आणि उघडलेला डबाही. उरतो कोरडा दाणा आणि न उघडलेलं पाऊच.

पैशाचा हिशेब टाळून उपयोग नाही. पाऊच 40-50 रुपयांना धरलं तर निव्वळ पाऊचवरचं एक मांजर महिन्याला चार हजारांच्या आसपास जातं. दाण्यांवर तेच सात-आठशे रुपयांत भागतं. गावात एका घरी तीन-चार मांजरं असणं नवलाचं नाही. ज्या सल्ल्यामुळे माणूस मांजर पाळायचंच सोडेल किंवा नसबंदी आणि लसीकरण टाळेल, तो सल्ला कागदावर कितीही बरोबर असला तरी मांजराच्या हिताचा नाही. म्हणून पाऊचचा खर्च जिथे खरोखर पुराव्याने सांगितलेला आहे तिथे करावा: मूत्रमार्गाचा त्रास झालेला बोका, मूत्रपिंडं थकलेलं म्हातारं मांजर, दात पडलेलं मांजर. रिकाम्या पाऊचचंही एक ओझं आहे. अनेक थरांचं ते प्लास्टिक पुन्हा वापरात येत नाही, आणि गावात त्याचा शेवट परसातल्या जाळात किंवा पुळणीवर होतो.

निवड कोणतीही केली तरी ती एका रात्रीत लादता येत नाही. पिल्लू असताना तोंडाला जो पोत लागला, तोच म्हणजे अन्न, अशी अनेक मांजरांची धारणा होऊन बसते. मोठेपणी नव्या पोताला ती तोंड लावत नाहीत. आणि 'भूक लागली की खाईल' हा आपला नेहमीचा उपाय मांजराला मारक आहे. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं तर यकृतात चरबी साचून ते दगावू शकतं. म्हणून नवं अन्न जुन्यात थोडं-थोडं मिसळत सात ते दहा दिवस घ्यावे लागतात. पिल्लं घरात असतील तर त्यांना दाणा, ओलं अन्न आणि उकडलेला मासा या तिन्हींची चव दोन-तीन महिन्यांच्या वयातच दाखवून ठेवणं शहाणपणाचं.

मिठबावात हे वेळापत्रक समुद्र ठरवतो. 1 जूनला यांत्रिक नौकांची पावसाळी मासेमारीबंदी सुरू होते, ताजी मासळी आटते, आणि घराघरांत सुकट आणि खारे बांगडे निघतात. माशाची सवय लागलेलं मांजर त्या आठवड्यात एक तर खारं खातं किंवा काहीच खात नाही. दाण्यांची ओळख त्याआधी व्हायला हवी, म्हणजे मेच्या वीस तारखेच्या सुमारास, वाटीत उकडलेला मासा अजून पडतो आहे तेव्हाच, त्याच्या पाण्यात भिजवलेले चार दाणे घालून.